'आई झाड पिल्लांना दूध पाजतं' हे फॉरवर्ड आता बस करा

रोपवाटिकावाली: सकाळपासून तीन ग्रुपवर तेच आलंय. 'जंगलातलं आई झाड जमिनीखालच्या बुरशीतून आपल्या पिल्लांना दूध पाजतं.' २० वर्षं रोपं वाढवतेय मी, झाडांवर माझा जीव आहे, पण हे असं कशाला सांगायचं? मूळ प्रयोग कॅनडातला, ब्रिटिश कोलंबियातला. वनशास्त्रज्ञ सुझॅन सिमार्डनी बर्च आणि डग्लस फर या झाडांच्या रोपांना पिशव्या बांधून दोघांना वेगवेगळा खुणेचा कार्बन, म्हणजे कुठे गेला ते नंतर ओळखता येईल असा, दिला, १९९७ ला 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं ते. बर्चकडून फरला जास्त गेला, आणि फरवर सावली वाढवली तसा अजून जास्त. आता बर्च कुठे नि फर कुठे, जातच वेगळी, यात आई कोण आणि पिल्लू कोण?

देवराईकर: अहो ताई, जात वेगळी असून देतंय हेच तर मोठं आहे ना! शाळेत आपल्याला काय शिकवलं, झाडं उजेडासाठी भांडतात. २०१६ ला स्वित्झर्लंडमध्ये ४० मीटर उंच स्प्रूसना क्रेन लावून वर खुणेचा कार्बन सोडला, तो शेजारच्या बीच, पाइन, लार्चच्या मुळांत सापडला. आमच्या देवराईची कडेची मोठी झाडं रस्त्यासाठी गेली आणि दोन उन्हाळ्यांत आतली रोपं वाळली, मी डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही पेपर वाचत बसा.

मातीतला: कडेची झाडं गेली की ऊन आणि वारा थेट आत शिरतो, रोपं त्यानं वाळली असतील. आणि बारीक मुळांत कार्बन सापडला म्हणजे झाडाच्या पोटात गेला असं नाही, त्या मुळांवर बुरशीचंच वेष्टण असतं. सिमार्डच्या प्रयोगात सीडरचं रोप पण होतं, त्याची बुरशी वेगळ्या प्रकारची, म्हणजे बर्च-फरच्या बुरशीशी जोडलेलं नाही, तरी थोडा कार्बन त्यालाही पोचला. म्हणजे नुसत्या मातीतूनही जातो. २०२३ ला कार्स्ट, जोन्स आणि होक्सेमा या संशोधकांनी सगळे पुरावे तपासले, आई झाड स्वतःच्याच रोपांना निवडून देतं याला प्रत्यक्ष जंगलातला पुरावा मिळाला नाही. यातल्या जोन्स तर १९९७ च्या पेपरच्या सहलेखिका.

देवराईकर: असतील, असतील. देवराई तोडणाऱ्याला जाऊन सांगा मग हे, पुरावा नाही म्हणून. त्याला तेवढंच पाहिजे. तुमच्यासारख्यांमुळे जातात झाडं!

मातीतला: तोंड सांभाळून बोला. देवराई राखायला खोट्याचा टेकू लागत नाही.

डाळिंबवाला: ते कॅनडाचं राहू द्या, मला एक सांगा, कृषी केंद्रात मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडीनं राहणाऱ्या बुरशीची, पावडर देतात ती हीच बुरशी का? दोन वर्षं ड्रिपमधून सोडली, काडीचा फरक नाही. पैसे गेले ते गेले, वर दुकानदार म्हणतो तुमची मातीच मेलेली.

मातीतला: भाऊबंद म्हणा. जंगलातली ती मुळाच्या बाहेरून वेष्टण करते, डाळिंबाची मुळाच्या पेशीत शिरते. स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते. सोबत डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, टाकलं होतं का?

डाळिंबवाला: टाकलंच की. बाग उपाशी ठेवू का? मर रोग होता म्हणून बुरशीनाशकाची आळवणी पण केली.

रोपवाटिकावाली: अहो दादा, बुरशी सोडायची आणि वरून बुरशीनाशक! स्फुरद आयता मिळाला की मूळ बुरशीला साखर द्यायचं बंद करतं, ती जगणार कशी?

डाळिंबवाला: हे विकताना कुणी सांगितलं का? पाकिटावर एक ओळ नाही. तुम्हाला बोलायला सोपं आहे ताई, कर्ज आमच्या नावावर आहे.

कोबीवाली: मला तर कोबीसाठी दिली! नंतर कृषी पदवीच्या मुलाकडून कळलं, कोबी-मोहरीच्या घराण्याला ही बुरशी लागतच नाही.

मातीतला: विकणाऱ्याचा दोष आहे, मान्य. रोप लावताना खड्ड्यात मुळाला लागेल अशी टाकतात. आणि दरवर्षी खोल नांगरट केली की मातीतलं बुरशीच्या धाग्यांचं जाळं तुटतं, ते वेगळंच.

देवराईकर: बघा, म्हणजे जाळं आहे!

मातीतला: जाळं नाही असं मी कधी म्हणालो? त्यातून कोण कुणाला किती देतं यावर भांडण आहे. बुरशी स्वतःच्या पोटासाठी जगते, झाडांची हमाल नाही ती.

देवराईकर: बरं, दूध पाजतं हे काढतो फॉरवर्डमधून. पण ते फर-बर्चचं राहणार.

रोपवाटिकावाली: राहू द्या, सीडरचंही लिहा मात्र.

डाळिंबवाला: मी यंदा नव्या रोपांच्या दोन ओळी डीएपीशिवाय ठेवतो, खड्ड्यात पावडर टाकून. मेल्या तर इथेच येऊन सांगेन.