कान-नाक-घशाचे डॉक्टर खरंच पळाले होते का?
वर कुणीतरी म्हटलंय की कोविडात कान-नाक-घशाचे डॉक्टर घाबरून दवाखाने बंद करून बसले. अहो, घाबरणारच ना! बाकीचे सहा फुटांवरनं बोलत होते, यांना पेशंटच्या उघड्या तोंडापासून वीतभर अंतरावर डोकं न्यावं लागतं, विषाणू नेमका नाकात नि घशात, त्यात दुर्बीण घातली की पेशंट शिंकणार नाहीतर खोकणार. म्हणून २०२० मध्ये दुर्बिणीच्या तपासण्या, टॉन्सिल, सायनस असली न अडणारी कामं पुढे ढकलली, कानातल्या मळालासुद्धा फोनवरच थेंब सांगायचे. पीपीई किटवर हेडलाइट लावला की चष्म्यावर वाफ, दिसणार काय कप्पाळ!

पण २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकर, म्हणजे कोविडच्या पेशंटना होणारा काळ्या बुरशीचा आजार, आला तेव्हा हीच मंडळी ऑपरेशन थिएटरात होती की. पेशंटची शुगर वाढलेली, वर स्टेरॉइडचा मारा, नाकात काळी खपली, गाल बधिर, डोळा सुजलेला, सायनसमधला सडलेला भाग खरवडून काढायचा आणि बाहेर नातेवाईक अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या इंजेक्शनसाठी गावभर वणवण फिरतायत. काहींचा तर जीव वाचवायला डोळा काढावा लागला. त्यामुळे सरसकट ‘पळाले’ म्हणणं मला तरी पटत नाही. फोनवर फी घेऊन दोन मिनिटांत कटवणारे होते, त्यांना काय बोलायचं ते खुशाल बोला.