विश्रामबाग वाड्यातील ग्रंथालय आणि इमारतीचा इतिहास

शनिवारकर

पुण्यातील विश्रामबाग वाड्यातल्या शासकीय विभागीय ग्रंथालयात ज्यांचे नेहमी जाणे-येणे आहे, त्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. हा वाडा दुसऱ्या बाजीरावाने राहण्यासाठी बांधून घेतला. अशा लाकडी वाड्यात ग्रंथालय आले ते निव्वळ जागेच्या सोयीने, की त्यामागे काही परंपरा आहे? शिवाय जुन्या कडीपाटाला, म्हणजे लाकडी मजल्याला, पुस्तकांचे ओझे पेलते का?

पेठेतला वाचक

परंपरा आहे, आणि ती ग्रंथालयापेक्षा बरीच जुनी आहे. पेशवाई संपल्यावर तीनच वर्षांनी, म्हणजे १८२१ मध्ये, इंग्रजांनी दक्षिणा निधीतून (पेशवे विद्वानांना देत त्या दक्षिणेच्या रकमेतून) जी संस्कृत पाठशाळा काढली ती याच वाड्यात भरत असे, आणि पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेज आकाराला आले. त्यामुळे, बाजीरावाच्या वास्तव्याची येथे कितीही वर्णने ऐकू येत असली, तरी वाड्याच्या आयुष्याचा मोठा भाग शाळा, कचेऱ्या आणि वाचनालय यांतच गेला आहे, हे माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे.

मे १८७९ मध्ये बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा या दोन्हींना आगी लावण्यात आल्या. बुधवार वाडा त्यानंतर उरला नाही. विश्रामबाग मात्र नगरपालिकेचा पैसा आणि लोकवर्गणी यांतून पुन्हा उभा राहिला. म्हणून आज दिसणारे प्रत्येक लाकूड पेशवेकालीन आहे असे समजू नये. दर्शनी सज्जा, त्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे सुरूदार खांब आणि केळफुलांचे कोरीवकाम यांच्याकडे पाहताना हे विशेषच लक्षात ठेवावे.

बांधकामवाला

भाराविषयी लिहितो. भारतीय मानकांनुसार राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरतात. पुस्तके वेगळी ठेवलेली असतील तर वाचनकक्षासाठी हाच आकडा सुमारे ३०० किलो होतो, आणि सुमारे सव्वादोन मीटर उंचीच्या कपाटांनी भरलेल्या ग्रंथसंग्रहासाठी ६०० किलो, म्हणजे घराच्या तिप्पट. वाड्यातला वरचा मजला लाकडी तुळया, त्यांवर कड्या (बारीक आडवी लाकडे), कड्यांवर पाट आणि त्यावर माती-चुन्याचा थर असा असतो, म्हणजे मुळातच जड. अशा मजल्यावर कपाटे खणाच्या, म्हणजे खांबांमधल्या जागेच्या, मध्यभागी ओळीने मांडली तर तुळई वाकते. भिंतीलगत किंवा खांबांच्या रेषेवर ठेवली तर भार थेट खाली उतरतो. ओझे पेलते की नाही, हे ठरवताना वाड्याच्या वयाइतकीच कपाटांची मांडणीही पाहावी लागते. वाळवी आणि गळती यांची भीती मात्र मला वजनापेक्षा जास्त वाटते, कारण तुळईचे भिंतीत रोवलेले टोक कुजले तरी बाहेरून ते दिसत नाही.

शनिवारकर

दोघांचेही आभार. मग ग्रंथालयासाठीच बांधलेली इमारत असावी, हा आग्रह त्या काळी कोणी धरला नव्हता का?

पेठेतला वाचक

मुंबई प्रांतात ग्रंथालयांविषयी नेमलेल्या फैजी समितीच्या १९४० च्या अहवालाने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतची उतरंड सुचवली आणि विभागीय ग्रंथालयांची कल्पना तिच्यातूनच पुढे आली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ मध्ये झाला. पुण्यात त्याआधीच लोकांनी उभारलेल्या संस्था होत्या: १८४८ चे नेटिव्ह जनरल लायब्ररी, जे आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखले जाते, आणि १९११ चे पुणे मराठी ग्रंथालय. संस्था आधी आणि इमारत नंतर, हाच आपल्याकडचा क्रम राहिला. मला तो फारसा चुकीचा वाटत नाही. फक्त जुन्या वास्तूत शिरताना कपाटे कुठे ठेवावीत हे अभियंत्याला विचारून ठरवावे, एवढेच.

बांधकामवाला

आणि विजेची तारजोडणीही त्याच वेळी तपासून घ्यावी. एकदा जळून पुन्हा उभ्या राहिलेल्या लाकडी वाड्यात ती कामाच्या यादीत सर्वांत वर असायला हवी.