पळणारे मंडळ ग्रुप, जळगाव : "अंगठे सात, माणूस एक"

कोल्हे काका ए-१०१ (६.४४): सुप्रभात. आज परत गेटवर मी एकटाच. ५.३० ची वेळ दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये तुम्हीच ठरवली, मी तर सहा म्हणत होतो. पावणेसहापर्यंत उभा राहिलो, वॉचमन विचारतो काका कोणाची वाट पाहून राहिले, काय सांगू त्याला? काल रात्री सात जणांनी अंगठे टाकलेले आहेत, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

नेहेते बी-३०३ (६.५८): काका अंगठा म्हणजे मेसेज वाचला 😄

कोल्हे काका ए-१०१: मग झोपणार असाल तर झोपणार असं लिहा. मी पण पांघरुणात राहू शकतो. माझं वय ६३ आहे.

चौधरी सर सी-१०४ (७.०२): सुप्रभात. टी-शर्टचे ३८० रु. ज्यांचे बाकी आहेत त्यांनी कृपया आज जमा करावेत.

महाजन वहिनी ए-२०२ (७.३१): काका राग नका मानू पण ५.३० ला आता मिट्ट काळोख असतो. दिवाळीत साडेसहाच्या सुमारास सूर्य वर यायचा, आता सात वाजून गेल्यावर येतो. मेहरूण तलावाकडे जाताना मधला पट्टा अंधारा आहे, कुत्रे अंगावर येतात, बायामाणसांनी एकेकटं कसं निघायचं. चार जण पक्के असतील तर मी पाचलाही येईन. मला मुंबईची हाफ मॅरेथॉन आहे जानेवारीत, २१ किलोमीटर, मला तर सुट्टी घेऊन चालणारच नाही.

नेहेते बी-३०३: वहिनी तुमच्या मेडलचा फोटो दाखवून आम्ही आमच्या ऑफिसात भाव खाणार. सगळ्यांनी पळायची काय गरज

पवार ए-००२ (७.४०): विषय निघालाच आहे तर. शिट्टी बंद करा. पहाटे सव्वापाचला कोल्हे साहेब बरोब्बर आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली शिट्टी मारतात. आई रात्रभर खोकते, पहाटे कुठे डोळा लागतो. गणपतीत स्पीकरचं बोललो तर मी वाईट झालो होतो, आता परत होतो.

कोल्हे काका ए-१०१: पवार साहेब शिट्टी एकदाच वाजवतो आणि हळू वाजवतो.

पवार ए-००२: हळू वाजणारी शिट्टी मी तरी पाहिली नाही.

बोरसे बी-४०१: गणपतीचं कशाला काढताय आता

नेहेते बी-३०३ (८.१०): मुद्द्याचं बोला. थंडी ही पळायसाठी नसतेच, भरितासाठी असते. शनिवारी आसोदा रोडला आमच्या शेतात कार्यक्रम. वांगी बामणोदची, मामांनी पाठवली. काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, कांद्याची पात, वर शेंगदाणे, कळण्याच्या पुऱ्या. कोण कोण?

लगेच अकरा अंगठे.

कोल्हे काका ए-१०१: बघा. याला अकरा.

सोनवणे बी-१०२ (८.२६): मी बोलू का, राग येईल कोणाले तर येऊ द्या. आमना भाऊ चोपड्याकडे रातले दोन वाजता गहूले पानी भरस, लाईट रात्रीचीच ना. पायात चिखल, हातात बॅटरी. तेले कोणी ग्रुप नही लागत, कोणी मोटिवेशन देत नही. तिकडे रावेर यावलकडे केळीवर थंडीचा चरका पडून राहिला, लोकं रात्रभर बांधावर धूर करत बसताय. आणि आपण इथे थंडी थंडी करतो, मोबाईलवर ९ दाखवलं की गोधडी ओढतो.

बोरसे बी-४०१: सोनवणे भाऊ ते पोटासाठी आहे, हे हौसेसाठी. दोन्ही एकाच तराजूत कसं टाकता

महाजन वहिनी ए-२०२: मी तेच म्हणते उलट्या बाजूनं. गव्हाला पाणी नाही भरलं तर गहू वाळतो. पळायला नाही गेलं तर काहीच होत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. एक दिवस नाही गेलो, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पण काही झालं नाही. मग संक्रांत येते. म्हणून कोणीतरी खाली उभं आहे हे माहीत असावं लागतं, म्हणजे निदान त्या माणसाची लाज वाटते.

नेहेते बी-३०३: वहिनी आम्हाला लाज वाटेना हीच तर अडचण 😂

चौधरी सर सी-१०४ (९.००): टी-शर्टचे ३८० रु. बाकी असलेल्यांनी कृपया जमा करावेत. दुकानदार रोज फोन करतो.

बोरसे बी-४०१: सर ते टी-शर्ट हाफ बाहीचे आणि कॉटनचे आणले, ते घालून डिसेंबरात बाहेर कोण पडेल हो. घाम शोषून घेतो आणि मग ओलं फडकं गुंडाळल्यासारखं गार लागतं.

चौधरी सर सी-१०४: कापड मीटिंगमध्ये फिरवलं होतं. तेव्हा सगळे मऊ आहे मऊ आहे म्हणाले. नेहेते साहेबांनी गालाला लावून पाहिलं होतं.

नेहेते बी-३०३: मऊ आहेच. मी झोपताना घालतो.

डॉ. मॅडम सी-२०४ (१.१५): आत्ता वाचलं, ओपीडी होती. थोडं मोठं लिहिते, वाचा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, म्हणून चाळिशीच्या पुढच्यांनी अंथरुणातून उठून थेट रस्त्यावर पळत सुटू नका. घरातच आठ-दहा मिनिटं हात पाय हलवा, जिने चढा उतरा, मग बाहेर पडा आणि पहिला किलोमीटर चालल्यासारखाच पळा. बीपीची गोळी चालू आहे त्यांनी थंडीत मनानं बंद करू नका. दमा आहे त्यांनी नाकावर रुमाल किंवा बफ बांधा, गार कोरडी हवा थेट छातीत गेली की श्वासनळी आवळते, पंप खिशात ठेवा. छातीत दाटलं, हात किंवा जबडा दुखला तर थांबायचं, फेरी पूर्ण करायची नाही, हे हसण्यावारी नेऊ नका. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी होतं, ते प्या. कपडे पातळ पातळ दोन थर, आतला घाम सुकवणारा, कॉटन नको (चौधरी सर सॉरी). निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, निघतानाच उबदार वाटलं तर दहा मिनिटांत स्वेटर कमरेला बांधून पळाल. आणि ती वॉचमनची शेकोटी. त्यात तो प्लास्टिक आणि रबर टाकतो. पहाटे थंडीत धूर वर जात नाही, खालीच बसतो आणि तुम्ही गेटवर उभे राहून खोल श्वास घेता. लाकूड देऊ त्याला, पण हे बंद करा.

पवार ए-००२: शेकोटीचं मी मागच्या वर्षी लेखी दिलं होतं. कमिटीकडून अजून पोच पण नाही.

कोल्हे काका ए-१०१: मॅडम धन्यवाद. वॉचमनशी मी बोलतो. त्याला पण थंडी असते, नुसतं बंद कर म्हणून चालणार नाही, लाकडं आणायला दोघं लागतील.

सोनवणे बी-१०२: तुरीच्या काड्या मी आणतो गावाहून

बोरसे बी-४०१ (१.४०): आता खरं सांगू का मी का येत नाही. थंडीचं कारण नाहीच. पळताना थंडी पाच मिनिटात जाते. पण सव्वासातला घरी येतो, घाम अंगावर सुकलेला, बाथरूमला नळ सोडतो तर सोलरचं पाणी गार. ए विंग सहालाच सगळं गरम पाणी ओढून घेते. त्या गार पाण्याचा विचार रात्री झोपतानाच मनात येतो आणि अलार्म तिथेच बंद होतो.

ए विंगवाले देशमुख ए-३०१: ए विंगचं नाव घेऊन बोलायचं काम नाही. टाकी दोघांची आहे. हिवाळ्यात दिवस लहान, ऊन तिरपं, त्यात रात्री नळाचं पाणीच बर्फासारखं येतं, टाकीत जेवढं तापायला हवं तेवढं तापतच नाही. गिझर घ्या.

बोरसे बी-४०१: गिझर घ्या म्हणे. मग सोलरची वर्गणी का भरतो मी

देशमुख ए-३०१: ते कमिटीला विचारा. आणि आमच्याकडे नातू आहे, त्याला सहाला आंघोळ लागते, शाळेची बस पावणेसातची.

बोरसे बी-४०१: नातू एवढा टबभर पाणी घेतो?

महाजन वहिनी ए-२०२: कृपया हे जनरल ग्रुपवर न्या. हा पळायचा ग्रुप आहे.

नेहेते बी-३०३: पळायचा ग्रुप आहे म्हणूनच सगळे पळून राहिले मुद्द्यापासून

चौधरी सर सी-१०४ (२.०५): टी-शर्टचे ३८० रु.

महाजन वहिनी ए-२०२ (४.५०): एक गोष्ट कोणीच बोलत नाही. आपल्या खान्देशात पळायचे महिने किती? मे मध्ये ४५ च्या पुढं जातो पारा, पहाटे पाचला निघालं तरी अंगातून धारा लागतात, मागच्या उन्हाळ्यात नेहेते भाऊ तुम्हीच दुसऱ्या किलोमीटरला झाडाखाली बसले होते. पावसात तलावाकडचा रस्ता चिखल. मग उरलं काय? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. लांब पल्ला पळणाऱ्यांना दहा अंशांच्या आसपासची हवा सगळ्यात चांगली मानतात, शरीर स्वतःच एवढं तापतं की बाहेरची थंडी उपयोगी पडते. ती देवानं फुकट दिली तर आपण तिच्याच नावानं रडतो. सातपुड्यात तोरणमाळ डाबकडे तर दंव गोठतं गवतावर, धुळ्याला आपल्यापेक्षा कमी असतं, तिथले पोरं पोलीस भरतीसाठी मैदानावर असतातच ना पहाटे.

सोनवणे बी-१०२: हे बराबर बोलल्या वहिनी

नेहेते बी-३०३: झाडाखाली मी चप्पल, सॉरी बुटाची लेस बांधायला बसलो होतो

डॉ. मॅडम सी-२०४: अर्धा तास?

कोल्हे काका ए-१०१ (७.२०): मी दुपारभर विचार केला. भुसावळला रेल्वेत लोकोला, इंजिनावर होतो तेव्हा रात्री तीनच्या गाडीला दीड वाजता कॉलबॉय दारावर यायचा. हातात कंदील, मफलरनं तोंड गुंडाळलेलं, काखेत रजिस्टर. दार वाजवायचा, आपण उघडायचं, त्याच्या रजिस्टरात सही करायची, वेळ टाकायची. सही झाली की परत झोपायची सोयच नाही, नाव लागलं म्हणजे मालगाडी तुमची. डिसेंबरात इगतपुरीकडे जाताना केबिनमध्ये अशी हवा लागायची की बोटं लिव्हरला चिकटल्यासारखी वाटायची. पण कधी कोणी मोटिवेशनचं विचारलं नाही. कारण कॉलबॉय दारात उभा असायचा. तर आता माझं असं म्हणणं आहे की शिट्टी बंद. मीच कॉलबॉय. रजिस्टर घेऊन दारावर येणार, सही घेणार. वेळ ५.५०, गेटवरून सहाला निघायचं, उजेड धरून परत. ज्यांना यायचं त्यांनीच नाव द्या, अंगठा चालणार नाही, नाव लिहा.

महाजन वहिनी ए-२०२: महाजन ए-२०२. काका पण बेल नको, पिल्लू उठतं.

सोनवणे बी-१०२: सोनवणे. दारावर थाप मारा काका, मी जागाच राहतो

डॉ. मॅडम सी-२०४: माझं सोम बुध शुक्र. दोन जिने चढणार काका तुम्ही, गुडघ्याचं काय?

कोल्हे काका ए-१०१: तुम्हीच सांगितलं ना वॉर्मअप घरातच करा. माझा जिन्यातच होईल.

बोरसे बी-४०१: चौथ्या मजल्यावर येणार असाल तर माझं लिहा. पण पाण्याचं काय ते ठरवा

देशमुख ए-३०१ (७.४५): बोरसे, नातवाची आंघोळ झाली की सूनबाई दोन बादल्या कमी घेईल, तिला सांगितलं आहे. मोठ्या आवाजात बोलायची गरज नव्हती.

बोरसे बी-४०१: मी पण आवाज केला नव्हता. टाईप केलं होतं. धन्यवाद.

नेहेते बी-३०३ (८.०५): माझी अट. शनिवारी जो पळत शेतापर्यंत येईल त्यालाच भरीत. गाडीनं येणाऱ्याला नुसती पुरी.

महाजन वहिनी ए-२०२: आणि तुम्ही कसे येणार?

नेहेते बी-३०३: मला वांगी भाजायला आदल्या रात्रीच जावं लागतं वहिनी

चौधरी सर सी-१०४: शनिवारी सर्वांनी ग्रुपचा टी-शर्ट घालून यावे. ३८० बाकी असलेल्यांची यादी : बोरसे, नेहेते, सोनवणे (अर्धे आले), कोल्हे काका.

कोल्हे काका ए-१०१: माझे राहिले का? मी समजलो दिले. उद्या दारावर येतो तेव्हा सहीसोबत देतो.

बोरसे बी-४०१: परत येताना पण पळतच का? पोटात एवढं भरीत घेऊन

डॉ. मॅडम सी-२०४: अजिबात नाही. जेवून लगेच पळू नका. परत यायला गाडी सांगा.

सोनवणे बी-१०२: छोटा हत्ती सांगतो चुलतभावाचा, डिझेलचं काढू सगळे मिळून

पवार ए-००२ (९.१०): कोल्हे साहेब, पहाटे ए विंगमध्ये फिरणारच आहात तर आमच्या दाराची बेल दाबू नका, आई उठते. किचनच्या खिडकीच्या काचेवर दोन बोटांनी वाजवलं तरी ऐकू येतं.

कोल्हे काका ए-१०१: पवार साहेब, नाव लिहून घेऊ का रजिस्टरात?

पवार ए-००२: मी फक्त खिडकीचं सांगितलं.