पुगा खोऱ्यातला पांढरा थर: टाकणखार, सोडा की मीठ?

रूपशू_सहल

नमस्कार. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भूविज्ञानाच्या १६ विद्यार्थ्यांना घेऊन लडाखमधल्या पुगा खोऱ्यात जायचं आहे. लेह, उपशी, चुमाथांग, माहे पूल, सुमडो असं जाणार आणि परतीला पोलोकोंका ला ही खिंड ओलांडून त्सो कार तळं. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, गरम झऱ्यांच्या आजूबाजूला जमिनीवर पांढरा थर असतो, त्यातला टाकणखार (बोरॅक्स, म्हणजे बोरॉनचा क्षार) कुठला, सोडा (सोडियम कार्बोनेट) कुठला आणि मीठ कुठलं, हे जागेवर कसं ओळखायचं? दोन, मागच्या तुकडीने आणलेले स्वच्छ, काचेसारखे स्फटिक लेहला पोचेपर्यंत पांढरं पीठ झाले होते. असं का होतं? तीन, तुर्कस्तानसारखा हा टाकणखारही जुन्या तळ्यात साठलेला आहे, असं विद्यार्थ्यांना सांगितलं तर चालेल ना?

गारगोटी

पहिल्या दोन प्रश्नांबद्दल लिहितो.

चव घेऊन बघायची जुनी सवय इथे कटाक्षाने टाळा. या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि गरम झऱ्यांच्या थरांत आर्सेनिकही असू शकतं. आधी थर हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्या. टाकणखाराचं विशिष्ट गुरुत्व १.७ आहे, म्हणून तो आकाराच्या मानाने हलका लागतो. जिप्सम २.३, थेनार्डाइट (सोडियम सल्फेट) २.६६. जिप्सम नखाने ओरखडतं, पण कोमट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते लगेच बाजूला काढता येतं.

पुढची चाचणी आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, टाकणखाराची लाही. स्टीलच्या चमच्यात चिमूटभर नमुना घेऊन शेगडीवर धरा. टाकणखार फुगून लाहीसारखा होतो. मीठ तडतडतं. सोड्यातलं पाणी जातं आणि भुकटी उरते. मात्र लाही झाली की टाकणखार, असं लगेच लिहू नका. तुरटीचीही लाही होते, आणि जुन्या गंधकाच्या खड्ड्यांजवळ तुरटीसारखे सल्फेट क्षार असतात. म्हणून ती लाही प्लॅटिनमच्या किंवा निक्रोमच्या तारेच्या कडीवर घेऊन ब्लोटॉर्चने तापवा. टाकणखार ७४० अंशांच्या थोडं वर वितळून पारदर्शक काचेचा मणी बनतो, तुरटी बनत नाही. त्या उंचीवर थंडीत ब्यूटेनच्या डबीची ज्योत मंद पडते, तेव्हा डबी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा.

खात्रीसाठी हळदीचा कागद. एक चमचा हळद ५० मिली स्पिरिटमध्ये ढवळून गाळा, गाळणकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. चिमूटभर नमुना ५ मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. टाकणखार आणि सोडा दोन्ही अल्कधर्मी असल्याने पट्टी थेट बुडवली तर ती दोन्हींत लाल होते, आणि लोक वहीत ‘बोरॉन आहे’ असं लिहून मोकळे होतात. आधी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला, फसफस थांबून निळा लिटमस लाल होईपर्यंत. मग पट्टी बुडवून मंद आचेवर पूर्ण वाळवा. बोरॉन असेल तर वाळताना विटकरी लाल रंग चढतो. त्यावर अमोनियाचा थेंब टाकला की तो हिरवट काळा होतो. लोहाचे क्षारही पट्टी तांबूस करतात, पण अमोनियाने असा रंग देत नाहीत. नुसत्या आम्लाची एक कोरी पट्टी तुलनेसाठी बाजूला ठेवाच.

फसफस झाली म्हणजे टाकणखार नाहीच, असंही समजू नका. इथले थर बहुतेक मिसळलेले असतात. विमानात आम्ल नेता येत नाही, त्यामुळे ते मनालीमार्गे येणाऱ्या गाडीत ठेवा किंवा ही चाचणी परत आल्यावर करा.

आता पिठाबद्दल. टाकणखाराच्या वजनात जवळजवळ ४७ टक्के पाणी असतं. कोरड्या हवेत त्यातलं निम्मं पाणी निघून जातं आणि टिंकलकोनाइट हे वेगळं, अपारदर्शक खनिज तयार होतं. तुमचा नमुना खराब झाला नव्हता, त्याचं खनिजच बदललं होतं. कापडी पिशवी अजिबात नको. रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या लहान प्लास्टिक बरणीत नमुना काठोकाठ भरा, झाकणाला टेप लावा आणि बरणी गाडीच्या काचेपासून दूर ठेवा. एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिज ओळखण्याची चाचणी) करायची असेल तर चूर्ण आदल्या दिवशी करून ठेवू नका.

सिंधू_सांधा

तिसऱ्या प्रश्नावर थांबावंच लागेल, कारण तळ्याचं स्पष्टीकरण पुग्याला लागू पडत नाही.

तुर्कस्तानात बोरेटचे थर जुन्या तळ्यांच्या गाळात आहेत. पुग्याला टाकणखार आजही तयार होतो आहे. खोरं सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, पूर्व-पश्चिम पसरलेलं, दोन्ही अंगांनी भ्रंशांमध्ये अडकलेलं आहे. खाली पुगा नाईस आणि शिस्ट हे रूपांतरित खडक, वर हिमोढ (हिमनदीने आणून टाकलेला गाळ), वाळू आणि चिकणमातीचा भराव. खोलवरून येणारं सोडियम, क्लोराइड आणि बोरॉनयुक्त पाणी या भरावात पसरतं, केशाकर्षणाने वर चढतं, आणि कोरड्या वाऱ्यात पाणी उडून गेलं की क्षार पृष्ठभागावर राहतात. म्हणून खरवडलेला थर पुन्हा धरतो. आणि म्हणूनच पाऊस किंवा बर्फ पडून गेल्यावर लगेच गेलात तर थर विरघळलेला दिसेल. सप्टेंबर चांगला निवडलात.

तळं दाखवायचंच असेल तर त्सो कार दाखवा. तिथला पांढरा काठ खऱ्या अर्थाने आटलेल्या तळ्याचा आहे, चांगपा लोक तिथलं मीठ काढत असत. दोन पांढरे थर, दोन वेगळ्या प्रक्रिया, आणि मध्ये एकच खिंड. विद्यार्थ्यांना दोन्हीकडे एकाच आकाराचा खड्डा खणून छेद रेखाटायला लावा.

उष्णतेबद्दलही विचारतील. झऱ्यांचं तापमान ८४ अंशांपर्यंत जातं, आणि या उंचीवर पाणी साधारण ८५ अंशांनाच उकळतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने इथे ३४ विंधन विवरं घेतली, त्यांतलं सर्वांत खोल ३८५ मीटरच्या आसपास. कोकणातल्या उन्हाळ्यांशी (गरम झऱ्यांशी) तुलना करताना एवढंच सांगा की तिथे पाणी भेगांतून खोल जाऊन तापून येतं, पुग्याला खालचं जाडजूड कवचच तापलेलं आहे.

सुमडोच्या बाजूला नाईसमध्ये एक्लोगाइट या प्रचंड दाबाखाली बनलेल्या खडकाची भिंगं आहेत, लाल गार्नेट आणि हिरवा ओम्फेसाइट. २००१ मध्ये याच त्सो मोरीरी पट्ट्यातून कोएसाइटची (फार खोलवरच्या दाबाखाली बनणारं क्वार्ट्‌झचं रूप) नोंद झाली. म्हणजे भारतीय खंडाची कड ९० किलोमीटरहून खोल जाऊन परत वर आली. कोएसाइट डोळ्यांना दिसणार नाही. पातळ छेदात गार्नेटमधल्या क्वार्ट्‌झच्या ठिपक्याभोवती किरणांसारख्या चिरा शोधायला सांगा. तिथे हातोडा चालवू नका, उघडी जागा थोडीच आहे.

उन्हाळे_नोंदवही

पाण्याचे नमुने घेणार असाल तर बाटल्या पॉलिथिनच्याच घ्या. प्रयोगशाळेतली काच बोरोसिलिकेट असते, तिच्यातून बोरॉन पाण्यात उतरतो आणि मोजमाप फसतं. प्रत्येक झऱ्याच्या तीन बाटल्या: ०.४५ मायक्रॉन गाळणीतून गाळून शुद्ध नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणलेली एक (धन आयनांसाठी), नुसती गाळलेली एक (ऋण आयनांसाठी), आणि १० मिली पाण्यात ९० मिली डिस्टिल्ड पाणी मिसळलेली एक (सिलिकासाठी). पाणी थंड झालं की सिलिका जोडली जाऊन खाली बसते आणि सिलिकावरून काढलेलं खालच्या साठ्याचं तापमान खोटं कमी येतं. पीएच आणि क्षारता जागेवरच मोजा, कार्बन डायऑक्साइड निसटला की पीएच चढतो. रात्री पाणी गोठतं, म्हणून बाटलीत थोडी जागा सोडा.

झऱ्याभोवतीचा कडक थर वरून भक्कम दिसतो, पण खाली उकळता चिखल असू शकतो. पुढच्याने काठीने ठोकत जावं, बाकीच्यांनी त्याच्याच पावलांवर. हा परिसर चांगथांग अभयारण्यात मोडतो, नमुन्यांसाठी वन्यजीव विभागाची लेखी परवानगी आधीच काढा.

रूपशू_सहल

तळ्याचा भाग टिपणातून काढला. गंधकाच्या जुन्या खड्ड्यांत उतरू द्यावं का?

उन्हाळे_नोंदवही

नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खळग्यात साचतो, आणि प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं. त्यामुळे ‘आता वास गेला’ ही सुरक्षिततेची खूण मानू नका. बाहेर टाकलेल्या ढिगाऱ्यात पिवळं गंधक आणि जिप्सम एकत्र मिळतं, तेवढं पुरे. ओळखायला कणभर पेटवा, निळी ज्योत दिसेल. वाऱ्याकडे पाठ करून, आणि एकानेच.