पत्रिका हे कारण की खूण? मूळ नक्षत्राच्या निमित्ताने

रामबागकर (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात माझ्या भाचीची पत्रिका एका स्थळाकडून परत आली. आम्ही इंदूरचे, स्थळही इंदूरचेच; मुलामुलीची दोनदा भेट झाली होती आणि पसंती दोन्हीकडून होती. पाकिटातल्या झेरॉक्सवर चंद्राच्या घराभोवती लाल पेनने वर्तुळ काढलेले होते आणि समासात लिहिले होते, ‘मूळ, तृतीय चरण’, म्हणजे मूळ नक्षत्राचा चारांपैकी तिसरा भाग. मुलाच्या आईने फोनवर अवघडत सांगितले की मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला चालत नाही, आणि ह्यांना तर आधीच दोन स्टेंट बसवलेले आहेत. त्या बाईंवर माझा राग नाही. नवऱ्याच्या जिवाची भीती खरीच असते. पण मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले, त्यामुळे त्या लाल वर्तुळामागे नेमका कोणता सिद्धांत उभा आहे, हा विचार काही केल्या मनातून जात नाही.

जन्मक्षणीची ग्रहस्थिती आणि माणसाचे आयुष्य यांचा संबंध दोनच प्रकारे मांडता येतो, असे मला वाटते. एक तर ग्रह हे फळाचे कारण आहेत, किंवा ते फळाची केवळ खूण आहेत. कारण मानले, तर आपल्याच दर्शनांनी जपलेला कर्मसिद्धांत मोडतो. केलेल्या कर्माचे फळ नाहीसे होत नाही आणि न केलेल्याचे फळ वाट्याला येत नाही. कृतनाश आणि अकृताभ्यागम या दोन दोषांना आपल्या दार्शनिकांनी कधीच थारा दिलेला नाही. मग तेवीस वर्षांपूर्वी कुठल्याशा प्रसूतिगृहात एक मुलगी अमुक वेळी जन्मली म्हणून जो गृहस्थ तिला ओळखतही नव्हता त्याचे आयुष्य कमी व्हावे, हे कोणाच्या कर्माचे फळ? आणि खूण मानली, तर नकाराला अर्थ उरत नाही. खूण पुसल्याने घटना टळत नाही. सून दुसरी आणली तरी सासऱ्याचे प्रारब्ध तेच राहणार.

जाणकारांनी उत्तर द्यावे. टिंगल नको आणि ‘अनुभव घेऊन पाहा’ हेही नको.

होराभ्यासक

रामबागकरताई, तीस वर्षे पत्रिका पाहत असूनही हा पेच इतक्या स्वच्छपणे कोणी माझ्यापुढे ठेवला नव्हता, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या परंपरेचा मूळ पक्ष खुणेचाच आहे. इंदूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या उज्जयिनीशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, त्या सहाव्या शतकातल्या ज्योतिषी वराहमिहिराने आपल्या लघुजातक या ग्रंथाच्या आरंभीच सांगून ठेवले आहे की पूर्वजन्मी साठलेल्या शुभाशुभ कर्माचा परिपाक हे शास्त्र प्रकट करते, जसा दिवा अंधारातल्या वस्तू दाखवतो. दिवा वस्तू निर्माण करीत नाही. ग्रहांना उष्ण, शीत, आर्द्र असे गुण देऊन त्यांचा परिणाम थेट भौतिक मानणारा पक्ष प्रामुख्याने ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमीचा. होरा, केंद्र, द्रेष्काण हे ज्योतिषातले शब्द आपण ग्रीकांकडून घेतले हे खरे आहे, आणि खुद्द वराहमिहिराने यवनांना, म्हणजे ग्रीकांना, ऋषींसारखे पूज्य म्हटले आहे. पण शब्द घेताना त्यांच्याखालचा पाया आपण बदलला, आणि माझ्या मते हीच आपली खरी कमाई आहे.

कारण नसताना खूण कशी असेल, या शंकेचे उत्तर न्यायचर्चेतच सापडते. कृत्तिका उगवल्या म्हणजे थोड्या वेळाने रोहिणी उगवणार हे अनुमान निर्दोष आहे, तरी कृत्तिका रोहिणीला उगवायला लावीत नाहीत. अनुमानाच्या आधाराला तर्कशास्त्रात हेतू म्हणतात; जैन तार्किकांनी अशा आधी घडणाऱ्या हेतूला पूर्वचर हेतू म्हटले. पत्रिका हा तसाच हेतू आहे. आणि त्या घराने दिलेला नकार हाही कोणाच्या तरी प्रारब्धाचाच भाग असेल.

वेधप्रिय

उदाहरण सुंदर आहे, पण ते आपल्याच विरुद्ध जाते. कृत्तिका आणि रोहिणी यांची व्याप्ती, म्हणजे नेहमीची सोबत, माणसांनी शतकानुशतके डोळ्यांनी पाहिली, आणि तिला एकही व्यभिचार, म्हणजे अपवाद, सापडला नाही. मूळ नक्षत्र आणि सासऱ्याचा मृत्यू यांची व्याप्ती कोणी, कुठे, किती घरांत पाहिली?

शाळेत असताना वडिलांनी मला उज्जैनच्या वेधशाळेत नेले होते. सवाई जयसिंहाने ती अठराव्या शतकात बांधली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिची दुरुस्ती करवली. सम्राट यंत्राच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळाच्या, संगमरवरी पट्टीवर सावलीची कड सरकताना दिसत होती. वडिलांनी मनगटावरचे घड्याळ त्या रेघांशेजारी धरले, फरकाची मिनिटे फळ्यावरच्या कोष्टकाशी ताडून पाहायला लावली, आणि उज्जैनची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे का, ते समजावून सांगितले. पाच मिनिटांत यंत्र खरे ठरले. फलज्योतिषाकडे माझी मागणी एवढीच आहे.

अशी पडताळणी एकदा झालीही आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका जमवल्या आणि त्यांतल्या ४० पत्रिका प्रत्येक ज्योतिष्याला वर्गवारीसाठी दिल्या. उत्तरे पाठवणाऱ्या २७ जणांचे सरासरी यश सुमारे ४६ टक्के होते, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा अधिक नाही.

शिवाय तृतीय चरणाचे काय? एक चरण ३ अंश २० कलांचा असतो. चित्रापक्ष आणि टिळक पंचांग या पंचांगाच्या दोन पद्धती; त्यांच्या अयनांशांत, म्हणजे राशिचक्राचा आरंभ वसंतसंपातापासून जितका दूर धरतात त्या अंतरात, जवळजवळ ४ अंशांचा फरक आहे. चित्रापक्षाने जी मुलगी मूळच्या तिसऱ्या चरणात पडते, ती टिळक पंचांगाने बहुधा चौथ्या चरणात जाते, आणि चौथा चरण तर निर्दोष मानलेला आहे. सासऱ्यांचे हृदय कोणते पंचांग मानते?

माळव्यातली लेक

माझे तर्कशास्त्राचे वाचन नाही. भाऊ अपघातात गेला तेव्हा आई दोन वर्षे म्हणत होती की मी त्याला त्या दिवशी थांबवायला हवे होते. आमच्या गुरुजींनी पत्रिका पाहून ‘तो योगच होता’ एवढेच सांगितले, आणि त्या रात्री आई झोपली. खूण खरी की खोटी मला ठाऊक नाही, पण तिचा हा उपयोग तुमच्या मांडणीत कुठेच दिसला नाही.

रामबागकर

ताई, तुमच्या आईंच्या त्या झोपेबद्दल मी एक शब्दही उणा बोलणार नाही. मात्र ज्या वाक्याने एका आईच्या मनावरचे ओझे उतरले, तेच वाक्य आज माझ्या भाचीच्या मनावर चढले आहे. परवा ती मला विचारत होती, ‘मावशी, माझ्यामुळे खरंच कुणाला काही होईल का?’ एम. टेक. झालेली मुलगी आहे.

होराभ्यासक, नकारही प्रारब्धच म्हटले तर होकारही प्रारब्धच ठरतो, आणि मग काय करावे हे पत्रिका सांगूच शकत नाही. तुम्ही मात्र सल्ला देता. सल्ला द्यायचा तर पुरुषकाराला, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या प्रयत्नाला, जागा ठेवावीच लागते. एका चाकाने रथ चालत नाही, तसे पुरुषकारावाचून दैव सिद्ध होत नाही, हे याज्ञवल्क्य स्मृतीतच आहे. म्हणून नेमके विचारते: खुणेच्या पक्षात राहून, मुलीच्या पत्रिकेवरून सासऱ्याच्या आयुष्याबद्दल बोलता येते का?

होराभ्यासक

दोन दिवस विचार केला. वेधप्रिय यांच्या चाचणीबद्दल माझे म्हणणे असे आहे की ज्योतिषी घराणे, देश, काल, वय पाहून फल सांगतो आणि नुसत्या कागदावर वर्गवारी करणे हे त्याचे काम नव्हे. पण पंचांगांच्या फरकाला माझ्याकडे उत्तर नाही. मी चित्रापक्ष वापरतो, कारण माझे गुरू तो वापरीत.

ताईंच्या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर देतो. येत नाही. दिवा ज्याच्या घरात लावलेला असतो त्याच घरातल्या वस्तू दाखवतो. जन्मकाळ मुलीचा असेल तर परिपाकही तिच्याच कर्माचा. तिच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाची खूण तिथे असू शकते, पण दुसऱ्याचे आयुष्य तिच्या दोषाच्या रकान्यात लिहिणे हे कारणपक्ष मागच्या दाराने आत आणणे झाले. मेलनाच्या, म्हणजे पत्रिका जुळवण्याच्या, वेळी सासऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न कोणी काढला, तर यापुढे मी सासऱ्याचीच पत्रिका मागेन. दशापद्धतीवरचा, म्हणजे आयुष्याचे ग्रहांनुसार कालखंड पाडून फल सांगण्यावरचा, माझा विश्वास यामुळे कमी होत नाही, हेही नोंदवतो.

वेधप्रिय

मग एक विनंती. त्या पत्रिकेवरून जे सांगाल ते तारखेसह, वर्षाच्या मर्यादेसह एका वहीत लिहून ठेवा, चुकलेलेही खोडू नका, आणि कोणते पंचांग वापरले ते प्रत्येक नोंदीपुढे लिहा. मी इंदूरमध्येच राहतो. दरवर्षी अक्षय तृतीयेला येऊन आपण दोघे मिळून ती वही वाचू.