शब्द हवा: 'कोर्स फिश' आणि त्यांचं 'स्टॉकिंग'

भाषांतरी: इंग्लंडमधल्या तळ्यांवरचा मजकूर मराठीत करते आहे. सामन-ट्राउट सोडून गोड्या पाण्यात गळाला लागणारे बाकीचे मासे, म्हणजे रोच, रड, टेंच, ब्रीम, कार्प, यांना तिथे 'कोर्स फिश' म्हणतात. 'भरड मासे' लिहिलं की वाचणारा विचारतो, काटे जास्त का? आणि 'स्टॉकिंग'ला, म्हणजे तळ्यात मासे आणून सोडण्याला, 'मत्स्यसंचयन' चालेल?

निवळी: भरड धान्य चालतं, तर भरड मासा का नाही? तिथेही प्रश्न खानदानाचाच आहे, काट्यांचा नाही.

गाळपेर: भरड धान्याचं सरकारने 'श्री अन्न' केलं. आता 'श्री मासे' म्हणा! 'किरकोळ मासळी'ही नको. दहा किलोचा कार्प किरकोळ कसा?

तळेकरी: 'संचयन' कागदावरच. तळ्यावर 'बीज सोडलं' म्हणतात. त्यातही पिल्लाच्या लांबीवरून नावं: जिरे ५ ते ८ मिमी, बीज २०-२५, अर्धबोटुकली ५० पर्यंत आणि पुढे बोटुकली. शेततळ्यात जिरे सोडू नका, पाणकिडे आणि बेडूक फडशा पाडतात. बोटुकली हेक्टरी ५,००० ते १०,०००. कटला ३, रोहू ४, मृगळ ३ या प्रमाणात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकच जात भरली तर बाकीचं खाद्य वाया.

निवळी: 'बोटुकली' म्हणजे 'फिंगरलिंग'ला घातलेलं झबलं. 'जिरे' मात्र अस्सल. बंगालीत 'धानी पोना' आहे, धानाएवढं पिल्लू. माप स्वयंपाकघरातून नाहीतर शेतातून यावं.

गाळपेर: झबलं असो, अंगाला बसलं ना? 'चिमुकली'च्या चालीवर तोंडात बसतं.

भाषांतरी: पण तिथे बीज सोडतच नाहीत! वाढलेले मासे हवा खेळवलेल्या टाक्यांतून आणतात, तेही बहुधा थंडीत. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि माशाला लागतोही कमी. परवाना घ्यावा लागतो. पकडलेला मासा बहुतेकदा पुन्हा पाण्यात. 'बीज सोडणे' लिहिलं तर उत्पादन काढायचंय असं वाटेल.

तळेकरी: मग 'मासे सोडणे' लिहा, संपलं. कार्प मात्र बेताने. तो तळ उकरतो, पाणी गढूळ होतं, पाणवनस्पती जातात. क्रूशियन कार्प असलेल्या तळ्यात साधा कार्प किंवा गोल्डफिश नकोच, संकर होऊन मूळ जात बुडते.

निवळी: 'सोडणे'मध्ये हिशोब येत नाही. किती, कोणते, कुठल्या मापाचे, हे 'संचयन'मध्ये येतं.

गाळपेर: हिशोब वाक्यात मांडा, क्रियापदावर कशाला लादता?

ओलावा: विषय निघालाच आहे तर: पिशवीतली बोटुकली तळ्यात सोडली की दुसऱ्या दिवशी वर तरंगते. का?

तळेकरी: पाण्याचा फरक. प्राणवायू भरलेली पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं तळ्यात तरंगू द्या. मग तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या, पिशवी तिरपी धरा, पिल्लं आपणहून बाहेर पडू द्या. ओतू नका. वेळ सकाळची नाहीतर संध्याकाळची. वाहतुकीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद होतं का, हेही बीजवाल्याला विचारा. नाहीतर विष्ठेने पिशवीत अमोनिया वाढतो.

ओलावा: आधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला मोहाची पेंड टाकली होती.

तळेकरी: किती दिवस झाले? हेक्टरी २,५०० किलो टाकली असेल तर विष उतरायला दोन-तीन आठवडे लागतात. आधी हापा, म्हणजे पाण्यात बांधायची बारीक जाळीची पेटी, लावून त्यात चार पिल्लं ठेवून बघा.

भाषांतरी: हापा! याला मराठीत काय?

गाळपेर: हापाच. त्याला हात लावू नका.

निवळी: 'जाळपेटी' का नको?