लॉकडाऊन 'लागला' की 'लावला'?

मूळ प्रश्न (पुणे)

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटातले मार्च ते जून 2020 मधले संदेश परत वाचतो आहे. विषय तेव्हा सगळीकडे होते तेच. दुधाची पिशवी धुवायची की नुसती पुसायची, कामवाल्या मावशींना येऊ द्यायचं का, लिफ्टचं बटण कोपराने दाबावं की टूथपिकने. माझं लक्ष मात्र क्रियापदांकडे गेलं.

मार्चअखेर सगळेच लिहितात, 'लॉकडाऊन लागला.' मे उजाडता उजाडता तीच माणसं लिहू लागतात, 'लॉकडाऊन लावला', 'लावून ठेवलाय', 'पुन्हा लावणार म्हणे'. कुणी ठरवून केलेला हा बदल नाही, आणि म्हणूनच मला तो महत्त्वाचा वाटतो.

मराठीत भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, उचकी लागते, ग्रहण लागतं. या सगळ्यांत 'कोणी?' असा प्रश्न विचारायची सोयच नाही. रोगाची 'लागण' याच धातूची. म्हणजे मार्चमध्ये आपल्या लेखी करोनाही लागला आणि लॉकडाऊनही लागला, दोन्ही वरून आलेले. 'लावणे' म्हटलं की लावणारा आला, आणि लावणारा आला की जाब आला.

घोषणेचं वाक्यही बघा. 24 मार्चच्या रात्री 8 वाजता पंतप्रधान म्हणाले, "आज रात बारह बजे से पूरे देश में... संपूर्ण लॉकडाउन होने जा रहा है." 'होने जा रहा है', म्हणजे व्हायचं आहे म्हणून होणार! करतो आहे असं नव्हे. चार तासांची मुदत देणाऱ्या वाक्यात कर्ता नाही.

दोन प्रश्न. तुमच्याकडे कोणतं क्रियापद चालायचं? आणि 'टाळेबंदी' हा चांगला रुळलेला शब्द हाताशी असताना बोलण्यात तो का आला नाही? वर्तमानपत्रांनी तो इमानेइतबारे छापला. भाजीच्या गाडीवर मात्र मी तो एकदाही ऐकला नाही.

परळहून

टाळेबंदीचं आम्हाला विचारा. गिरणगावात वाढलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. संप कामगाराचा, टाळेबंदी मालकाची. कामगार फाटकाबाहेर, कुलूप मालकाचं. 1982 च्या संपाआधीही आणि नंतरही हा शब्द घराघरात होता, आणि त्याला नेहमी कर्ता असायचा. 'शेटने टाळेबंदी केली' असंच म्हणत. 'टाळेबंदी लागली' असं म्हणणारा माणूस आमच्या चाळीत वेडा ठरला असता.

2020 मध्ये उलटं झालं. कुलूप लावलं ते माणसं आत ठेवण्यासाठी. दहा बाय दहाच्या खोलीत सात जण, संडास सार्वजनिक, आणि टीव्हीवर सांगतात घरात अंतर ठेवा. अशा वेळी आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी टाळेबंदी हा शब्द येईना, कारण तो उच्चारला की पुढचा प्रश्न ठरलेला: मालक कोण? इंग्रजी शब्दाला आमच्याकडे मालकाची आठवण चिकटलेली नव्हती. तो लागू शकत होता.

डोंबिवलीहून

चर्चा छान आहे, पण क्रियापदावर जरा जास्तच भार टाकताय. 'लागला' हे 2020 मध्ये नव्याने जन्मलेलं नाही. 'कर्फ्यू लागला' असं 1992-93 च्या दंगलीत मुंबईतले सगळे म्हणत होते. लॉकडाऊनला ते आयतं मिळालं. शिवाय सरकारी मराठीत 'लागू करण्यात येत आहे' असतंच, त्याचंच बोलीतलं 'लागला'. त्यात लोकांनी नियती पाहिली वगैरे मला पटत नाही.

अवांतर: जमावबंदी आणि संचारबंदी यांतला फरक त्या काळात तरी लोकांना कळायला हवा होता. 22 मार्चला मुख्यमंत्र्यांनी राज्यभर 144 कलम जाहीर केलं ती जमावबंदी. 23 ला जाहीर केली ती संचारबंदी, जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्यासह. आमच्याकडे दोन्हीला 'कर्फ्यू'.

नागपूरहून

आमच्याकडे 'लॉकडाऊन लागून गेला ना भाऊ' असंच. नंतर 'लावून ठेवला यायनं'. हे 'यायनं' कोण, ते बोलणाऱ्याच्या पक्षावर.

पण एक 'लावणे' राहिलं. चौकात पोलिसांनी उठाबशा काढायला 'लावल्या'. काठीचा 'प्रसाद' मिळाला. तिथे कर्ता खाकीत समोर उभा दिसत होता, त्यामुळे पहिल्या दिवसापासून क्रियापद बरोबर होतं.

सावंतवाडीहून

कोकणात तिसराच प्रकार. लॉकडाऊन लागला, पण गावबंदी 'केली'. वाटेवर आडवं झाड टाकलं, काटेरी फांद्या टाकल्या, पाटी लावली. कर्ता स्वतः गाव, आणि गावाने ते लपवलंही नाही. 'येवा, कोकण आपलाच असा' म्हणणाऱ्या मुलखात मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला शाळेच्या खोलीत 14 दिवस ठेवलं, जेवणाचा डबा घरातली माणसं दाराबाहेर ठेवून मागे सरकायची. त्याच चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर ती घरं उभी राहिलेली. हा विषय आमच्याकडे अजून जपून काढतात.

आणि 'क्वारंटाइन'चं म्हणाल तर सरकारने विलगीकरण, अलगीकरण असे दोन शब्द दिले. लक्षणं असलेल्याला वेगळं ठेवायचं ते विलगीकरण, संशयिताला ठेवायचं ते अलगीकरण, अशी वाटणी होती. ती कागदावरही टिकली नाही. आमच्या गावात 'त्येका शाळेत घातलो' एवढंच.

पणजीहून

गोव्यात 'पाळणे' आधी आलं. 22 मार्चचा जनता कर्फ्यू आम्ही 'पाळला'. व्रत पाळतात, सुतक पाळतात, बंद पाळतात, तसा. पाळणाऱ्याची मर्जी त्यात गृहीत असते, म्हणून संध्याकाळी 5 वाजता टाळ्या-थाळ्याही मनापासून झाल्या. मग तो पाळायचा कर्फ्यू पुढे वाढवला आणि किराणा दुकानंसुद्धा बंद ठेवली. घरात तांदूळ संपत आल्यावर 'पाळला' कोण म्हणणार? दुकानं उघडा म्हणून एवढी ओरड झाली की दोन-चार दिवसांत सरकारला नमतं घ्यावं लागलं.

गंमत पुढे आहे. 19 एप्रिलला सातवा, म्हणजे तोवरचा शेवटचा रुग्ण बरा झाला, तेव्हा 'आम्ही गोवा करोनामुक्त केला' म्हणणारे पुष्कळ निघाले. जूनच्या सुरुवातीला वास्कोच्या मांगोर हिलवर साथ फैलावली, तेव्हा ती फैलावली. कोणी फैलावू दिली नव्हती.

छत्रपती संभाजीनगरहून

8 मे 2020. करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघाले होते, मध्य प्रदेशातले होते. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत.

त्या आठवड्यात इथे रस्त्याने चालणारे थांबून बोलायचे. 'लॉकडाउन लग गया, काम छूट गया, सेठ ने हिसाब नहीं किया.' तीन तुकडे. पहिल्या दोघांत कर्ता नाही, तिसऱ्यात आहे. ज्याला ते ओळखत होते त्याचंच नाव त्यांनी घेतलं. डोंबिवलीकरांचं म्हणणं खरं असेल, कर्फ्यूमुळे सवय असेल. पण या सवयीचा फायदा कोणाला झाला, हेही शब्दचर्चेतच बसतं. मी स्वतः तेव्हापासून 'लावला'च म्हणतो.

लंडनहून

मी मूळची साताऱ्याची. इथे 23 मार्चला लॉकडाऊन आला. दर गुरुवारी रात्री 8 ला दारात उभं राहून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवायचो. आई फोनवर म्हणाली, 'म्हणजे तुमच्याकडेही लावल्या का टाळ्या वाजवायला?' नाही, म्हटलं, आमच्याकडे पंतप्रधानांनी सांगितलं नव्हतं. पण काही आठवड्यांनी रस्त्यात कोण बाहेर आलं नाही ते लोक बघायला लागले, तेव्हा माझ्या उत्तरात फारसा दम उरला नाही.

मे महिन्यात कळलं की लॉकडाऊन चालू असताना पंतप्रधानांचे मुख्य सल्लागार गाडी घेऊन लंडनहून पार डरहॅमला, म्हणजे सुमारे 400 किलोमीटर गेले होते. इथल्या माणसाला मृतांच्या आकड्यांनी जेवढा राग आला नव्हता तेवढा त्या प्रवासाने आला. तुमच्याकडेही एप्रिलमध्ये गृह खात्यातल्या बड्या अधिकाऱ्याच्या पत्रावर 23 जण खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेलेच की! नियम लावणारे वेगळे आणि नियम लागणारे वेगळे हे दिसलं, की मग 'लागला' म्हणायला जीभ वळत नाही. माझ्या मते तुमच्या गटातलं क्रियापद अशाच बातम्यांनी बदललं असणार.

मूळ प्रश्नकर्ता (पुणे)

डोंबिवलीकरांचा कर्फ्यूचा मुद्दा उत्तम आहे आणि 'लागला' कुठून आलं ते त्याने सुटतं. पण मे महिन्यात ते का सोडलं, हे त्याने सुटत नाही. कर्फ्यू तर 'उठेपर्यंत' लागलेलाच असतो.

गटातले संदेश पुन्हा त्या नजरेने चाळले. एक कारण अगदी घरगुती आहे. महाराष्ट्रात 20 मार्चलाच मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर बंद करायची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली होती. चार दिवसांनी देश बंद झाला. आता लॉकडाऊन कोणी लावला? एक मजला म्हणणार यांनी, दुसरा म्हणणार त्यांनी. एकाच गटात दोन्हीकडचे भक्त असताना भाजी वाटून घ्यायची होती, म्हणून 'लागला'. तो शब्द गटात शांतता ठेवत होता. भीती ओसरली, पगार कापले गेले, तेव्हा शांततेची गरजही ओसरली.

दुसरं, मुख्यमंत्र्यांच्या बोलण्याबद्दल. त्यांची फेसबुकवरची भाषणं एप्रिलमध्ये आमच्या गटात कौतुकाने फिरायची, 'घरातल्या माणसासारखं बोलतात' म्हणून. विनंती करतो, सहकार्य करा, असा सूर. उन्हाळा सरता सरता तोच 'घरातला माणूस' काहींसाठी 'घरात बसलेला माणूस' झाला. शब्द तोच, फक्त 'बसलेला' घुसला.

आणि मेअखेर ते म्हणाले 'पुनश्च हरिओम'. बऱ्याच जणांना तो सत्यनारायणाच्या पूजेसारखा काही प्रकार वाटला. मूळ लोकमान्यांचं. तुरुंगातून सुटल्यावर 1899 मध्ये 'केसरी'त पुन्हा लिहायला घेतलं तेव्हाच्या अग्रलेखाचा तो मथळा, 'पुनश्च हरिः ॐ'. तो तुरुंगवास होता 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यातला, म्हणजे पुण्यातल्या प्लेगच्या धामधुमीतला, रँडच्या खुनानंतरचा. साथीच्या नावाखाली सरकारने घरात घुसून जी झडती चालवली, तिच्यावर त्या वर्षी 'केसरी' तुटून पडला होता. आणि 1897 चाच साथरोग कायदा 13 मार्च 2020 ला राज्यात लागू झाला. थोडक्यात, कायदा इंग्रज सरकारचा आणि मथळा त्या सरकारच्या कैद्याचा, दोन्ही एकाच मंत्रालयातून बाहेर पडले. हे कोणाच्या ध्यानात आलं असेल तर त्याला दाद, नसेल तर योगायोगाला.

नागपूरहून

म्हणजे लागू 'झाला' नाही, लागू 'केला' म्हणा. तुमच्याच नियमाने.

मूळ प्रश्नकर्ता (पुणे)

केला. राज्य सरकारने केला.

डोंबिवलीहून

बरं, आता लिंगाचं बघा. वर सगळ्यांनी 'लॉकडाऊन लागला' लिहिलंय. आमच्याकडे सर्रास 'लागलं'. बंद, कर्फ्यू यांच्या ओळीत धरला तर पुल्लिंगी, 'संकट'च्या ओळीत धरला तर नपुंसकलिंगी. 'अनलॉक'चंही तसंच, पण तो कधी कोणाला लागला नाही, लोक 'केला' किंवा 'झालं' म्हणत. कोल्हापूर-सांगलीचं कोणी आहे का इथे? तिकडे 'लॉकडाऊन पडलं' ऐकलंय, दुष्काळ पडतो तसं. नक्की काय ते सांगा.